दिवसभर काकडी, संध्याकाळी भडंग

पत्र :

"नमस्कार मॅडम. मी सांगलीत राहतो, दहावीत आहे, वय १५. उंची १६४ सेंटिमीटर, वजन ६९ किलो. वर्गात मला सगळे ढोल्या म्हणतात. पळायच्या वेळी पीटीचे सर पण 'जरा हळू, मैदान खचेल' म्हणाले आणि सगळे हसले. दिवाळीनंतर मी मनावर घेतलं. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेतो. शाळेला जायच्या आधीचं जेवण बंद केलं, डब्यात दोन काकड्या नेतो, भात तर पूर्ण सोडला. पहिल्या आठवड्यात दोन किलो कमी झाले, मग काटा तिथंच थांबला आणि आता परत ६९. शाळा सुटल्यावर सहा ते साडेआठ क्लास असतो. त्याच्या आधी इतकी भूक लागते की भडंगाचा पुडा किंवा दोन वडापाव कधी संपले कळत नाही. रात्री घरी आलो की आईनं ताट वाढूनच ठेवलेलं असतं, नको म्हटलं की आजी रुसते. मित्र म्हणतो सोळा तास उपाशी राहा. जिममधला दादा म्हणतो पावडर चालू कर. फेब्रुवारीत निरोप समारंभ आहे, तोपर्यंत १२ किलो कमी करायचेत. प्लीज डाएट चार्ट द्या. ता. क. ग्रीन टी आणि ओट्स चालू करू का? कृपया नाव छापू नका."

उत्तर :

नाव छापलेलं नाही, शाळेचंही नाही. निर्धास्त वाच.

चार्ट मी देणार नाही, हे आधीच सांगते. फेब्रुवारीपर्यंत १२ किलो हेही जमणार नाही, आणि जमवूही नकोस. वाईट वाटलं असेल, तरी पुढचं वाच. कारण चार्टपेक्षा कामाची गोष्ट तुझ्याच पत्रात आहे, ती म्हणजे तुला भूक लागते ती वेळ.

तुझा दिवस घड्याळावर मांडू. रात्री नऊ-साडेनऊला तू जेवतोस. दुसऱ्या दिवशी सकाळी मध-लिंबू-पाणी. साडेदहाला घरातले जेवतात तेव्हा तू दप्तर भरत असतोस. दोनच्या सुट्टीत दोन काकड्या. शंभर ग्रॅम काकडीत पंधराएक कॅलरी, बाकी सगळं पाणी. म्हणजे रात्री साडेनऊपासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत, जवळजवळ वीस तास, तुझ्या पोटात अन्न म्हणावं असं काही जातच नाही. मित्र सोळा तास उपाशी राहायला सांगतोय आणि तू आधीच त्याच्याहून मोठा उपास करतोयस, तोही रोज. मग साडेपाचला भडंगाचा पुडा फोडतोस, त्यावर रात्री आईनं वाढलेलं पूर्ण ताट. आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की तुझी एकादशी दर दिवशी येते.

साडेपाचला तुझा मनोनिग्रह तुटतो असं तुला वाटतं, पत्रातल्या सुरावरून तरी तसंच दिसतं. पण तिथं मनोनिग्रहाचा प्रश्नच नाही. वीस तास रिकाम्या पोटी असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलासमोर खमंग भडंग आलं, तर ते संपणारच. त्या वेळी शरीर काकडी मागत नाही, झटपट ताकद देणारं काहीतरी मागतं, आणि तेल, तिखट, मीठ, मैदा यांची दुकानं बरोबर क्लासच्या वाटेवर असतात. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. गाडे कुठे उभे असतात ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. आणि क्लासच्या दाराला तर तोही नियम नाही.

तेव्हा मला सांगायचंय ते एवढंच : तुझं खाणं जास्त आहे यापेक्षा ते उलट्या वेळी आहे. सकाळी आणि दुपारी पोटभर जेवायला लाग. संध्याकाळचा निम्मा प्रश्न तिथंच मिटेल.

आता त्या पहिल्या आठवड्यातल्या दोन किलोंचं. त्यांनी तुला खूश केलं आणि फसवलंही. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन नावाचा. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-चपाती एकदम तोडली की पहिल्यांदा हा साठा वापरला जातो आणि त्याच्यासोबतचं पाणी निघून जातं. काटा खाली येतो, चरबी मात्र जवळपास होती तिथंच राहते. पुन्हा नीट खाल्लं की साठा भरतो, पाणी परत येतं. म्हणून "आठ दिवसांत तीन किलो" असं सांगणारा कुठलाही व्हिडिओ दिसला, की तो पाण्याबद्दल बोलतोय असं समज आणि पुढे सरक.

पंधराव्या वर्षी वजनाचं गणित मोठ्या माणसासारखं चालत नाही. तुझ्या काकांचं वजन कमी व्हायचं असेल तर काटा खालीच यावा लागतो, कारण त्यांची उंची वाढून झाली. तुझी अजून वाढतेय. बहुतेक मुलगे सतरा-अठरापर्यंत थोडेफार वाढतात. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, आज साधारण २५.७ आहे. वजन ६९ वरच राहिलं आणि उंची सहा सेंटिमीटर वाढून १७० झाली, तर तोच आकडा २३.९ वर येतो, एक ग्रॅमही न घटवता. म्हणून तुझ्या वयाला पहिलं ध्येय ठेवायचं ते वजन न वाढू देण्याचं. हळूहळू उतरलं तर चांगलंच. मुलांसाठी बीएमआयचे मोठ्यांचे आकडेही थेट लावत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, त्यात वय आणि मुलगा-मुलगी पाहून रेषा आखलेल्या आहेत. तुझा बिंदू त्यात जास्त वजनाच्या रेषेच्या वर पडतो, हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. म्हणजे काळजी घ्यायला हवी. पण याच वयात हाडं भरतात, स्नायू बनतात. अर्धपोटी राहून त्यांचा कच्चा माल तोडू नकोस.

सकाळपासून सुरुवात करू. तुझी शाळा अकराची, म्हणजे तू भाग्यवान आहेस. सातच्या शाळेची मुलं डोळे चोळत दूध-बिस्कीट गिळून पळतात. तुला दोनदा खाता येईल. उठल्यावर तासाभरात थोडं काहीतरी : रात्रीची ज्वारीची भाकरी कुस्करून दुधात किंवा ताकात, नाहीतर दाण्याच्या चटणीबरोबर. एखादं उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही. भाकरी नको असेल त्या दिवशी वाटीभर उप्पीट किंवा पोहे, पण त्यात मोड आलेली मटकी किंवा मूठभर दाणे असू देत. नुसते पोहे तासाभरात जिरतात आणि तू पुन्हा डबे उघडत बसतोस. मग दहा-साडेदहाला घरच्यांबरोबर बसून जेवण. चोरून नव्हे, घाईत नव्हे, पाटावर किंवा टेबलावर बसून. दोन भाकऱ्या किंवा तीन चपात्या, भाजी, वाटीभर आमटी किंवा उसळ, सोबत कच्चं काहीतरी. तुमच्या कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत कर म्हणावं आईला. सध्या मेथी, कांद्याची पात, मुळा, हरभऱ्याचा कोवळा पाला, सगळं बाजारात स्वस्त आहे. हे दिवस हिरवं खाण्याचे आहेत आणि तू प्लास्टिकच्या डब्यात काकड्या घेऊन फिरतोयस.

काकडीवर माझा राग नाही. डब्यात ती असू दे, पण चपाती-भाजीच्या शेजारी. डब्यात दोन चपात्या, एक सुकी उसळ किंवा झुणका, आणि काकडी. सुट्टीत मुलं चेष्टा करतात म्हणून कमी डबा नेत असशील, तर तेही समजतं मला. जाड मुलाला इतरांसमोर खायची लाज वाटायला लागते, मग तो दिवसा कमी आणि एकटा असताना जास्त खातो. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं हेच सांगतात. तू तुझ्या वाट्याचं जेवतोयस. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

पाचला शाळा सुटते आणि सहाला क्लास. हा एक तास दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा. या तासासाठी दप्तरात वेगळी छोटी डबी ठेव. तिच्यात मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे, किंवा भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा, किंवा एक केळं आणि फुटाणे. एखाद्या दिवशी भाकरीचा चतकोर आणि चटणी. शेंगदाणे मोजूनच घ्यायचे, मूठ म्हणजे बंद मूठ, ओंजळ नव्हे, कारण तीस ग्रॅम दाण्यांत १७० च्या आसपास कॅलरी असतात. पण त्याबरोबर सात ग्रॅम प्रथिनंही असतात आणि पोट तासाभरात खंगत नाही. एवढं खाऊन तू वडापावच्या गाड्यासमोरून गेलास तर वास तोच येईल, पण पाय थांबणार नाहीत. पहिले आठ-दहा दिवस थांबतीलही. चालेल.

वडापाव कायमचा बंद करायला मी सांगत नाही. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी. आठवड्यातून एकदा, मित्रांबरोबर, एक, चवीनं खाल्लेला वडापाव कुणाचं वाटोळं करत नाही. भुकेनं आंधळा होऊन रोज उभ्या-उभ्या गिळलेले दोन करतात. भडंगाचंही तेच. चुरमुरा स्वतः हलका असतो, पण त्याला चोपडलेलं तेल आणि तळलेले दाणे हलके नसतात, आणि पुड्यातून खाताना अंदाज राहत नाही. सांगलीत राहून भडंग सोड असं सांगण्याइतकी मी निर्दय नाही. वाटीत काढून घे आणि पुडा गाठ मारून ठेव.

रात्रीचं जेवण. भातावरचा आरोप मी मागे घ्यायला सांगते. एक वाटी शिजलेला भात आणि एक मध्यम चपाती यांत फार फरक नाही. फरक पडतो तो आपण भाताचा डोंगर रचून त्यात आमटीचं तळं करतो तेव्हा. रात्री दोन वाट्या भाजी किंवा भाजी आणि कोशिंबीर, एक वाटी डाळ किंवा आमटी, एक-दीड भाकरी, आणि वाटीभर भात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली, तिच्यात दिवसभराच्या अन्नातला वजनानं साधारण निम्मा वाटा भाज्या आणि फळांना दिलेला आहे. आपल्या घरी भाजी ताटात तोंडी लावण्यापुरती येते, चपातीला सोबत म्हणून. तिला वाढवायचं, की बाकीचं आपोआप कमी होतं. आणि ताट वाढून तयार असू नये. पातेली मध्ये ठेवून तू स्वतः वाढून घे, एकदा. दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी पाणी पी, पाच मिनिटं बोलत बस. भूक असेल तर जरूर घे.

दुसऱ्या काही गोष्टी मात्र खरंच तोडायच्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. तू दिवसभरात पितोस काय? कोल्ड्रिंकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. मग साखरेचा दोन कप चहा, त्यात बुडवलेली खारी किंवा टोस्ट, क्लासनंतरचा उसाचा रस, दुकानातली लस्सी. पोटाला हे अन्न वाटतच नाही, त्यामुळे जेवण कमी होत नाही, वरून भर पडते. तहानेला पाणी, ताक, साखर न घातलेलं लिंबू-मीठ-पाणी. चहा एक कप ठेव, त्यात एकच चमचा. मधाचं म्हणशील, तर एका लहान चमच्यात वीसेक कॅलरी असतात आणि तीही साखरच. कोमट पाण्यात घातल्यानं तो चरबी वितळवत नाही. गुळाचंही वेगळं काही नाही, तो आजीला आवडतो म्हणून त्याच्या कॅलरी कमी होत नाहीत.

पावडरीचा हिशेब इथंच करून टाकू. पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलाला रोज सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. आता बघ : एक अंडं सहा ग्रॅम. कपभर दूध सहा. वाटीभर घट्ट उसळ सात. दोन भाकऱ्या मिळून बारा. तीस ग्रॅम दाणे सात. वाटीभर आमटी पाच. त्रेचाळीस इथंच झाले. डब्यातल्या चपात्या, भात, रविवारचं मटण मोजलेलंच नाही. अंडं खात नसशील तर त्या जागी दही किंवा आणखी अर्धी वाटी उसळ धर. हुलग्याचं माडगं घरी होत असेल तर ते पी, त्याच्यापुढे डबाबंद पावडर फिकी. २०२४ च्या मार्गदर्शिकेतही स्नायू वाढवायला प्रोटीन पावडर टाळा असंच म्हटलंय. जिममधल्या दादाचा हेतू वाईट नसेल, पण डब्यात काय मिसळलंय ते त्यालाही माहीत नसतं, आणि ते पैसे तुझ्या आईचे.

आता हा कागद आई आणि आजीच्या हातात दे. पुढचं त्यांच्यासाठी आहे.

ताई, तुमच्या मुलासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. वेगळ्या ताटानं मूल आजारी असल्यासारखं वेगळं पडतं, आणि तुम्ही पंधरा दिवसांत दमता. घरात सगळ्यांसाठी शिजतं त्यातच बदल करा : भाजी जास्त, फोडणीचं तेल कमी. महिन्याला तेल किती येतं ते एकदा बघा. माणशी अर्धा-पाऊण लिटरच्या फार वर जात असेल, तर प्रश्न एकट्या मुलाचा नाही. फरसाण, बिस्किटं, खारी यांचे डबे भरून ठेवायचे आणि "तू खाऊ नकोस" म्हणायचं, हे दहावीच्या मुलाशी चाललेलं युद्ध आहे. त्यात तुम्ही हरणार. वस्तू घरातच कमी आणा. "दोन घास राहिलेत, संपव, टाकू नकोस" हे वाक्य बंद करा. अन्न टाकू नये हे मलाही पटतं, पण उरलेलं झाकून ठेवता येतं, मुलाचं पोट म्हणजे आपला फ्रिज नव्हे. आणि पाहुण्यांसमोर त्याच्या वजनावर बोलू नका, प्रेमानंही नाही. "आमचा पैलवान" म्हटलेलंही त्याला टोचतं. तो सांगत नाही, मला लिहितो.

आजी, तुम्ही रुसता हे त्यानं लिहिलंय, आणि रुसायचा तुम्हाला अधिकारच आहे. नातू उपाशी शाळेत जातो म्हटल्यावर कोण रुसणार नाही? म्हणून सकाळचं खातं तुमच्याकडे देते. त्याला उठल्यावर भाकरी-दूध द्यायचं, आणि दहा वाजता शेजारी बसवून जेवायला घालायचं. तिथं पोटभर आग्रह करा, मी मध्ये येणार नाही. फक्त रात्रीचा आग्रह सोडा. आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी त्याच्यासाठी दुसऱ्यांदा परतू नका. साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात दाणे, त्यात तूप. तो उपास राहत नाही. वर चमचाभर तूप भाकरीवर मात्र घाला, त्याला मी काही म्हणत नाही.

पीटीच्या सरांबद्दल. ते चुकले. मैदानावर कष्टानं पळणाऱ्या मुलाची टिंगल करणं हे शिक्षकाचं काम नाही, आणि त्यानं कुणी बारीक झाल्याचं मी पाहिलेलं नाही. अशी मुलं मैदानच सोडतात, हे पाहिलंय. आईबाबांपैकी कुणीतरी जाऊन त्यांच्याशी शांतपणे बोलावं, तुला न घेता. ढोल्या म्हणणाऱ्या मुलांचं मी काय सांगू? एकदा त्यांच्यातल्या त्यातल्या बऱ्या मुलाला एकटं गाठून "मला ते आवडत नाही" एवढं सरळ सांग. नेहमी चालतं असं नाही, पण पुष्कळदा एक मुलगा थांबला की बाकीच्यांची मजा जाते.

हालचालीला मी फार शब्द देणार नाही, कारण तुला रोज एक तास हवा हे तुलाही माहीत असेल. पाच ते सतरा वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा तोच आकडा आहे : सरासरी रोज ६० मिनिटं, दम लागेल असं. क्लासला गाडीवर सोडायला येत असतील तर सायकल काढ, जाऊन-येऊन निम्मा हिशेब तिथंच होतो. रविवारी मुलं कबड्डी किंवा क्रिकेट खेळत असतील तर तिकडे जा, पळून दमलास तर पंच हो, पण मैदानात राहा. जोर-बैठका घरी घालता येतात, पाचपासून सुरू कर. जिम बंदच कर असंही नाही. नीट शिकवणारा कुणी असेल, वजनं हलकी असतील तर तुझ्या वयाला चालते. पण व्यायामानं वडापाव 'जाळायचा' असा हिशेब मांडू नकोस, तो नेहमी तोट्यात जातो.

झोपेकडे मात्र लक्ष दे. तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात. दहावीच्या नावाखाली रात्री एकपर्यंत जागायचं, त्यातला अर्धा वेळ मोबाईल, आणि साडेअकराला पुन्हा फरसाणाचा डबा. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि गोड-तळलेलंच हवंसं वाटतं. साडेदहाला दिवा घालव आणि पाठांतर पहाटे कर. मोबाईल आईच्या खोलीत चार्ज होऊ दे.

रोज वजन करणं आजपासून बंद. महिन्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर. त्याच दिवशी भिंतीला टेकून उंचीची खूण कर आणि बेंबीच्या रेषेत टेपनं कंबर मोज. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी, तुझ्या बाबतीत ८२ सेंटिमीटरच्या. काट्यापेक्षा हा टेप जास्त खरं बोलतो. निरोप समारंभासाठी शर्ट घेशील तो आज अंगाला नीट बसणारा घे. 'तोपर्यंत बारीक होईन' म्हणून एक माप लहान घेऊ नकोस, दिवसभर पोट आत ओढून फोटो काढावे लागतात.

एकदा बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन ये, आईला घेऊन. माझ्या पत्रावर भागवू नकोस. ते उंची-वजन तक्त्यावर मांडतील, रक्तदाब बघतील, गरज वाटली तर साखर, थायरॉइड, यकृताच्या तपासण्या सांगतील. काही गोष्टी तू आपणहून सांगायच्या : मानेच्या मागे किंवा काखेत मळ घासूनही न जाणारा काळपट, मखमली पट्टा असेल तर. तो मळ नसतो, शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. झोपेत घोरत असशील आणि दिवसा वर्गात डुलक्या येत असतील तर. फार तहान, फार लघवी होत असेल तर. आणि मांडीत, जांघेत किंवा गुडघ्यात दुखून लंगडायला होत असेल, तर त्याच दिवशी जायचं. जास्त वजनाच्या वाढत्या मुलांत खुब्याच्या हाडाची वाढणारी टोपी सरकू शकते. घरात 'वाढीचं दुखणं' म्हणून तेल लावत बसतात आणि उशीर होतो.

आणखी एक विचारते, खरं उत्तर स्वतःला दे. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटते का? दिवसभर डोक्यात खाणं आणि वजन याशिवाय दुसरं काही येत नाही, असं होतं का? होत असेल तर ते आईला, नाही तर आवडत्या एखाद्या शिक्षकाला सांग. त्यांनाही सांगणं अवघड वाटलं, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालू असतो. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मुलग्यांना असलं काही होत नाही असा समज आहे. होतं.

महिनाभर सकाळचं जेवण आणि पाचची डबी एवढंच सांभाळ, बाकीचं नंतर. एका दिवशी दोन वडापाव झाले तर दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही, भाकरी-दुधानंच दिवस सुरू करायचा. महिन्यानं कंबर आणि उंची लिहून पाठव. वजन नाही पाठवलंस तरी चालेल.

तुझा ता. क. : ग्रीन टीनं चरबी जळत नाही. चव आवडत असेल तर दुपारी कपभर पी, संध्याकाळी नको, झोप उडते. आणि ओट्स वाईट नाहीत, पण आजीच्या हातची ज्वारीची भाकरी किंवा ताकातल्या कण्या घरात असताना ते पैसे कशाला घालवतोस? त्यात चांगल्या चेंडूची सोय होईल, रविवारच्या क्रिकेटला.